चार डिजिटचा बॅलन्स: वजन करण्याची रीत आणि बॅलन्सची निगा

लॅबमधला अॅनालिटिकल बॅलन्स, म्हणजे दशांश चिन्हानंतर चार आकडे (०.०००१ ग्रॅम किंवा ०.१ मिलिग्रॅम) दाखवणारा, प्रत्यक्षात बल मोजतो. पॅनखाली चुंबकाच्या क्षेत्रात तारेची गुंडाळी असते. पॅनवर काही ठेवलं की ती किंचित खाली सरकते, प्रकाशाच्या सेन्सरला ते कळतं आणि गुंडाळी मूळ जागी येईपर्यंत तिच्यातला करंट वाढवला जातो. त्या करंटवरून डिस्प्लेवरचा आकडा काढला जातो. पॅनला वर-खाली ढकलणारी प्रत्येक गोष्ट त्यामुळे वजन म्हणूनच दिसते: एसीची झुळूक, गरम भांड्यावरून वर चढणारी हवा, प्लॅस्टिकवर साठलेला विद्युतभार, मॅग्नेटिक स्टिररचा बार. यातलं नमुन्याचं वजन कुठलं आणि उपरं काय, हे मशीनला कळायला मार्ग नाही. निवड, जागा, वजन करण्याची पद्धत, साफसफाई या सगळ्याचा हेतू एकच, की पॅनवर नमुन्याशिवाय दुसरं बल पोचू नये.

बॅलन्सची निवड

बहुतेक चार डिजिटच्या बॅलन्सची क्षमता २०० ते २२० ग्रॅमच्या आसपास असते. पाच डिजिटचा (०.०१ मिलिग्रॅम) सेमी-मायक्रो आणि सहा डिजिटचा मायक्रो. याउलट बफरचे क्षार, कल्चरची माध्यमं, विद्रावकं यांच्यासाठी दोन किंवा तीन डिजिटचा टॉप-लोडिंग बॅलन्स पुरतो, आणि तिथे तोच वापरावा. ५० ग्रॅम मीठ चार डिजिटच्या बॅलन्सवर मोजण्यात अचूकता काही वाढत नाही, पॅनखाली पावडर मात्र साचते.

निवडताना डिस्प्लेवर किती आकडे दिसतात यापेक्षा कमीत कमी किती वजन विश्वासाने घेता येईल ते पाहा. औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये अमेरिकन फार्माकोपियाचा (यूएसपी) जनरल चॅप्टर ४१ प्रमाण मानला जातो, आणि त्याची रीत कुठल्याही लॅबला उपयोगी पडते. एकच वजन किमान १० वेळा ठेवा-उचला, आलेल्या आकड्यांचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन) काढा आणि त्याला २००० ने गुणा. येईल ते तुमचं किमान वजन. विचलन बॅलन्सच्या शेवटच्या आकड्याच्या (चार डिजिटला ०.१ मिलिग्रॅम) ०.४१ पटीपेक्षा कमी आलं, तर ०.४१ पटच धरायची.

५ ग्रॅमचं वजन दहा वेळा ठेवल्यावर समजा असे आकडे आले: ४.९९९९, ५.००००, ५.०००१, ५.००००, ४.९९९९, ५.०००१, ५.००००, ५.००००, ५.०००१, ४.९९९९. सरासरी ५.००००. सरासरीपासूनचे फरक शेवटच्या आकड्याच्या पटीत मोजले तर त्यांच्या वर्गांची बेरीज ६ होते. तिला ९ ने भागून वर्गमूळ काढलं की ०.८२, म्हणजे ०.०८२ मिलिग्रॅम. त्याची २००० पट सुमारे १६३ मिलिग्रॅम. हाच बॅलन्स अगदी आदर्श वागला तरी ०.४१ च्या नियमाने ८२ मिलिग्रॅमच्या खाली जाता येत नाही. तरीही कित्येक ठिकाणी चार डिजिटवर १० मिलिग्रॅम स्टँडर्ड (शुद्धता माहीत असलेला, तुलनेसाठीचा पदार्थ) सर्रास तोललं जातं. वरच्या विचलनाने त्या वजनातली अनिश्चितता १.६ टक्क्यांच्या घरात जाते, आणि मग एचपीएलसीचा (द्रावणातले घटक कॉलम नावाच्या नळीत वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) निकाल का हलतो याचा शोध कॉलममध्ये घेतला जातो. यावर उपाय दोनच: पाच डिजिटचा बॅलन्स वापरा, किंवा जास्त स्टँडर्ड घेऊन मोठ्या फ्लास्कमध्ये विरघळवा आणि पुढे पातळ करा. भांडं कितीही जड असलं तरी किमान वजनाची अट नमुन्याच्या निव्वळ वजनालाच लागू होते. २० ग्रॅमच्या भांड्यात १० मिलिग्रॅम घेतले म्हणून ते २० ग्रॅमचं वजन होत नाही.

जागा

कपाटाच्या लाकडी फळीवर किंवा सेंट्रिफ्यूज ठेवलेल्या ओट्यावर बॅलन्स ठेवू नये. जाड ग्रॅनाइटची किंवा कडप्प्याची लादी, भिंतीपासून आणि शेजारच्या ओट्यापासून सुटी, स्वतःच्या पायांवर उभी असलेली बरी. तिच्याखाली रबरी गाद्या घातल्या तर त्या चारही कोपऱ्यांना सारख्याच दबल्या पाहिजेत, नाहीतर टेकल्यावर लादी कलते. खोलीच्या मध्यापेक्षा कोपरा स्थिर असतो. दारासमोर, खिडकीच्या उन्हात, फ्युमहूडशेजारी (वाफा बाहेर ओढणारं कपाट) किंवा एसीच्या झोतात बॅलन्स नको. एसीची दिशा बदलता येत नसेल, तर झोत छताकडे वळवणारा पत्रा लावून घ्यावा.

जागेची परीक्षा सोपी आहे. १०० ग्रॅमचं वजन पॅनवर ठेवून बॅलन्सची काचेची दारं बंद करा आणि दहा मिनिटं आकडा पाहत बसा. मधेच कुणाला तरी शेजारून चालायला सांगा, खोलीचं दार उघड-बंद करा, एसी चालू करा, ओट्यावर कोपर टेकवा. कोणत्या कृतीला शेवटचे दोन आकडे हलतात ते तेव्हाच कळतं.

खोलीचं तापमान स्थिर हवं. २२ अंश की २५ अंश, याने फारसं बिघडत नाही, पण तासाभरात दोन अंश चढ-उतार झाला की बिघडतं. चांगल्या बॅलन्सचीही संवेदनशीलता दर अंशाला दहा लाखात एक-दोन भाग सरकते. २०० ग्रॅमवर हा फरक ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम होतो. म्हणून वजनाच्या खोलीतला एसी रात्री बंद करून सकाळी लावण्याची काटकसर बॅलन्सला मानवत नाही.

आर्द्रता ४० ते ६० टक्के असावी. मे महिन्यात नागपूरला हवा इतकी कोरडी होते की विद्युतभाराचा त्रास रोजचा होतो. जुलैत मुंबई-रत्नागिरीला दुखणं उलटं: पाणी ओढून घेणाऱ्या पावडरी डोळ्यांदेखत जड होत जातात. म्हणून एकाच लॅबला उन्हाळ्यात ह्युमिडिफायर आणि पावसाळ्यात डीह्युमिडिफायर दोन्ही लागू शकतात.

बॅलन्स हलवला की गुरुत्वही बदलतं. इमारतीत तीनेक मजले, म्हणजे सुमारे १० मीटर वर नेला तरी २०० ग्रॅमवर साधारण ०.६ मिलिग्रॅमचा फरक पडतो. मुंबईत अॅडजस्ट केलेला (जुळवून घेतलेला) बॅलन्स तसाच पुण्याला नेऊन लावला तर २०० ग्रॅमच्या वजनावर वीसेक मिलिग्रॅमचा किंवा त्याहून जास्त फरक दिसेल. जागा बदलली की अॅडजस्टमेंट पुन्हा करायची, मग ती शेजारच्या टेबलावर का असेना.

मांडणी आणि सकाळची तपासणी

आधी लेव्हल, म्हणजे बॅलन्स सपाट करणं. पुढच्या दोन पायांचे स्क्रू फिरवून बबल (लेव्हलच्या काचेतला बुडबुडा) वर्तुळाच्या मधोमध आणा. बबल ज्या बाजूला असेल ती बाजू उंच. डावं-उजवं जुळवताना दोन्ही स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरवा, पुढचं-मागचं जुळवताना दोन्ही एकाच दिशेने. स्क्रू-पाय मागे असतील तर पुढचं-मागचं उलटं होतं, एवढंच. पॅन, त्याचा आधार आणि कडा हवारोधक काचेला कुठेही घासत नाहीत याची खात्री करा. आकडा शून्यावर न येण्याचं हे एक फार साधं कारण आहे.

नंतर बॅलन्स तापू द्या. चार डिजिटला निदान तास, मायक्रोला रात्रभर. रोज बटण बंद करण्यापेक्षा स्टँडबायवर ठेवणं चांगलं, आतलं तापमान टिकून राहतं. वीज गेली असेल तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.

मग अंतर्गत अॅडजस्टमेंट. बऱ्याच बॅलन्समध्ये आतच एक वजन असतं, मोटर ते ठेवते-उचलते आणि बॅलन्स स्वतःला जुळवून घेतो. लॅबमध्ये याला कॅलिब्रेशन म्हणायची सवय आहे, पण ही अॅडजस्टमेंट आहे. बाहेरच्या प्रमाणित वजनाशी ताडून चूक किती आहे ते नोंदवणं म्हणजे कॅलिब्रेशन. आतलं वजन स्वतः खरं आहे की नाही हे आतूनच कळणार नाही, म्हणून रोजची तपासणी बाहेरच्या वजनाने करावी.

तपासणीची वजनं कोणत्या वर्गाची आहेत ते पाहा. २०० ग्रॅमच्या ई२ वर्गाच्या वजनाला ±०.३ मिलिग्रॅम सूट असते, एफ१ ला ±१.० मिलिग्रॅम, एफ२ ला ±३.० आणि एम१ ला ±१०. किराणा दुकानात शोभेल असं एम१ वजन चार डिजिटवर ठेवून तपासणी करण्यात अर्थ नाही. एफ१ चालेल, पण तुलना वजनावर कोरलेल्या २०० शी न करता प्रमाणपत्रातल्या प्रत्यक्ष किमतीशी करा, उदाहरणार्थ २००.०००४.

एक वजन क्षमतेजवळचं आणि एक तुम्ही नेहमी घेता त्या नमुन्याजवळचं, अशी दोन घ्या. चिमट्याने किंवा स्वच्छ हातमोज्याने उचला. ती आदल्या दिवसापासून त्याच खोलीत असू द्या, कपाटातून काढून लगेच ठेवलेलं वजन पाच-दहा मिनिटं सरकत राहतं. आलेला आकडा लॉगबुकात तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता यांसह लिहा. यूएसपीची अचूकतेची मर्यादा ०.१० टक्का आहे, आणि २०० ग्रॅमवर ती २०० मिलिग्रॅम होते! इतकी ढिली मर्यादा रोजच्या कामाला ठेवू नका. महिनाभराच्या नोंदींवरून तुमचा बॅलन्स साधारण किती हलतो ते पाहा आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट फरक दिसला की थांबायचं, असं ठरवा.

कोपऱ्यांची तपासणी महिन्याकाठी पुरते. क्षमतेच्या एक तृतीयांश वजन आधी मध्यभागी, मग चारही दिशांना केंद्र आणि कडा यांच्या मध्यावर ठेवून आकडे ताडा. चारपैकी एका दिशेला एकदम मोठा फरक आला, तर बहुधा कुणीतरी पॅनवर काही आदळलेलं असतं.

एक वजन, पायरीपायरीने

हातमोजे घाला. बोटांचा ओलावा आणि तेल भांड्यावर बसतं, त्यात हाताची ऊबही भांड्यात जाते. शक्य असेल तिथे लांब चिमटा वापरा आणि हात पॅनभोवतीच्या काचेच्या चेंबरमध्ये कमीत कमी वेळ ठेवा.

१. बबल पाहा, पॅन रिकामा आणि स्वच्छ आहे याची खात्री करा, दारं बंद करून शून्य करा. आकडा पाच-दहा सेकंद शून्यावर टिकतो का ते बघा.

२. एकाच बाजूचं दार, तेही लागेल तेवढंच उघडा. भांडं पॅनच्या मध्यभागी अलगद ठेवा. भांडं लहानच घ्या: मोठं भांडं जास्त जड असतं आणि हवेचा झोतही जास्त अडवतं.

३. दार बंद करा. स्थिरतेची खूण आली, की टेअर करा, म्हणजे भांड्यासकट आकडा शून्यावर आणा. खूण येण्याआधीच टेअर दाबणं ही घाईतली नेहमीची चूक, त्यात भांड्याची हालचाल शून्यात मिसळते.

४. स्पॅच्युलावर थोडाच नमुना घेऊन तो भांड्याच्या तोंडाशी हलक्या टिचकीने पाडा. बाहेर सांडला तर काम थांबवा, साफ करा, पहिल्यापासून सुरू करा. जास्त पडलेला नमुना मूळ बाटलीत परत टाकू नका.

५. दार बंद. स्थिर खूण आल्यावर ठरलेल्या वेळेने, उदाहरणार्थ दहा सेकंदांनी, आकडा लिहा. ही वेळ प्रत्येक वजनाला सारखीच असू द्या.

६. आकडा सरकतोय म्हणून पुन्हा पुन्हा टेअर दाबू नका. तो का सरकतोय ते शोधा.

नमुना बटर पेपरवर किंवा बोटीत (वजनासाठीची होडीच्या आकाराची छोटी ताटली) तोलून फ्लास्कमध्ये ओतला की थोडा तिथेच चिकटतो. म्हणून फरकाने वजन करा: बोट आणि नमुना मिळून तोला, नमुना फ्लास्कमध्ये ओता, रिकामी बोट परत त्याच जागी तोला. दोन्हींतला फरक हेच फ्लास्कमध्ये गेलेलं वजन. बोट फ्लास्कमध्येच धुवून घेणार असाल तर हे लागत नाही.

आडमुठे नमुने

ओव्हनमधून काढलेलं क्रुसिबल (नमुना तापवायची छोटी मूस) गरम असताना तोललं की खरं वजन कमी दिसतं, कारण भोवतीची हवा तापून वर चढते आणि भांड्याला उचलून धरते. शिवाय चेंबरमधली हवा आणि काचाही तापतात, त्याचा परिणाम पुढच्या वजनांवर. १०५ अंशांवरून काढलेलं क्रुसिबल डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) किमान अर्धा तास, जाड असेल तर तासभर थंड होऊ द्या, आणि प्रत्येक वेळी तेवढाच वेळ द्या. फ्रीजमधून काढलेली बाटली उलटं करते: बाहेरून दव धरते आणि वजन वाढत जातं. खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय ती उघडूही नये.

आकडा सतत वर जातोय आणि नमुना पाणी ओढणारा आहे, तर झाकणाची वजनबाटली वापरून फरकाने वजन घ्या. सतत खाली जातोय तर विद्रावक उडतोय: अरुंद तोंडाचं, झाकणाचं भांडं घ्या.

विद्युतभाराची खूण वेगळी. आकडा कधी वर, कधी खाली जातो, पुन्हा ठेवलं की वेगळाच येतो, दाराजवळ हात नेला तरी हलतो. प्लॅस्टिकच्या बोटी आणि कोरड्या कपड्याने नुकत्याच पुसलेल्या काचेच्या बाटल्या यात पुढे. अॅल्युमिनियमची बोट घ्या, किंवा बाटली धातूच्या होल्डरमध्ये ठेवून मग पॅनवर ठेवा. आयोनायझर (विद्युतभार घालवणारं उपकरण) असेल तर भांडं त्याच्यासमोरून न्या. अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच बॅलन्स जोडा. नायलॉनचा एप्रन टाळा, आणि मुख्य म्हणजे आर्द्रता ४५ टक्क्यांवर आणा.

चुंबकाच्या बाबतीत गंमत अशी, की आकडा स्थिर असतो पण खोटा असतो. भांडं पॅनवर फिरवून किंवा थोडं सरकवून पाहा, आकडा बदलला तर आत चुंबक किंवा लोखंड आहे. काचेचा किंवा अॅल्युमिनियमचा ठोकळा टेअर करून त्यावर भांडं ठेवा, म्हणजे ते पॅनपासून काही सेंटिमीटर वर जातं. नाहीतर बॅलन्सच्या तळाशी हूक असल्यास नमुना खाली टांगून तोला. स्टिररचा बार मात्र वजनाआधी काढलेलाच बरा.

पिपेट किंवा फ्लास्क पाण्याने तपासताना हवेची उचल धरावी लागते. बॅलन्स ८००० किलोग्रॅम प्रति घनमीटर घनतेच्या वजनांवर जुळवलेला असतो, पाणी त्याच्या एक अष्टमांश घनतेचं. त्यामुळे १०० ग्रॅम पाणी सुमारे १०५ मिलिग्रॅम कमी दिसतं. स्टँडर्ड तोलताना ही दुरुस्ती बहुधा सोडली जाते. पाण्याच्या बाबतीत सोडली तर उत्तर ०.१ टक्क्याने चुकतं.

साफसफाई

सांडलं की लगेच, एरवी दिवसाच्या शेवटी. आधी बॅलन्स बंद करून प्लग काढा. पॅन आणि त्याखालची तबकडी सरळ वर उचलून काढा, तिरक्या जोराने ओढू नका. कोरडी पावडर मऊ ब्रशने बाहेर ओढा किंवा कपड्याने टिपा. कॉम्प्रेस्ड एअर किंवा फुंकर कधीही मारू नका, पावडर मधल्या छिद्रातून सेन्सरच्या भागात जाते आणि ती तिथून काढण्यासाठी बॅलन्स उघडावाच लागतो. नंतर तंतू न सोडणारं कापड ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा सौम्य साबणाच्या पाण्याने ओलसर करून पुसा. कापड पिळलेलं हवं, थेंब पडता कामा नये. अॅसिटोन डिस्प्लेवर आणि प्लॅस्टिकवर चालत नाही. विषारी किंवा तीव्र औषधी घटक असतील तर कोरडं झाडणं टाळा, ओलसर टिपून घ्या आणि कापड कचऱ्याच्या योग्य पिशवीत टाका. पॅन कोरडा झाल्यावर बसवा, बबल पाहा, बॅलन्स पुन्हा तापू द्या, अॅडजस्टमेंट आणि तपासणी करा.

काचेची दारं रुळात अडखळत असतील तर रुळातली पावडर काढा. दार जोर लावून सरकवलं की प्रत्येक वेळी अख्खा बॅलन्स हलतो आणि बबलही.

इंजिनिअरला बोलावण्याआधी

आकडा थरथरत असेल तर हवा आणि कंपन तपासा: एसी, फ्युमहूड, जवळचा पंप. शून्यावर परत येत नसेल तर पॅन काढून खाली पाहा, दहापैकी बऱ्याच वेळा तिथे पावडरच असते. ओव्हरलोडची खूण पॅन रिकामा असताना आली तर तो नीट बसलेला नाही किंवा चुकीचा आधार लावला आहे. सगळी वजनं एकाच प्रमाणात कमी किंवा जास्त येत असतील, उदाहरणार्थ ५० ग्रॅमला अर्धा आणि १०० ग्रॅमला १ मिलिग्रॅम, तर बॅलन्स नुकताच हलवलेला किंवा थंड आहे. अॅडजस्टमेंटनेच काम होईल. कोपऱ्यांची चूक आणि आकड्यांची विखुरणी मात्र अॅडजस्टमेंटने जात नाही, तिथे सर्व्हिसच लागते. नेण्याआधी वाहतुकीची कुलपं किंवा फोमचे ठोकळे मूळ पेटीतले असतील तेच वापरा.

वर्षातून एकदा, जास्त वापर असेल तर सहा महिन्यांनी, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त लॅबकडून कॅलिब्रेशन करून घ्या, तेही बॅलन्स जिथे वापरता त्याच जागी. इंजिनिअरने हात लावण्याआधी जसा आहे तसा बॅलन्स तपासून आकडे प्रमाणपत्रात लिहावेत, हे ऑर्डरमध्येच नमूद करा. आधी अॅडजस्ट करून मग फक्त चांगले आकडे छापले, तर मागच्या वर्षभरातले निकाल कोणत्या बॅलन्सवर काढले होते ते कधीच कळत नाही, आणि ऑडिटरने विचारल्यावर दाखवायला काहीच नसतं. जुने आकडे मर्यादेबाहेर निघाले, तर लॉगबुकातल्या शेवटच्या चांगल्या तपासणीपर्यंत मागे जा आणि तिथून पुढची सगळी वजनं तपासायला घ्या.